बाईंनी नारळ फोडला नाही

शिवकांताबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी नांदेडला होते. आईनं फोनवर एवढंच सांगितलं, "बाई गेल्या गं. डेंग्यू झालता." मी विचारलं, "आपल्या गल्लीतली नाली झाकली का?" "कुठली झाकत्यात! उघडीच हाय," आई म्हणाली. लातूरला घरी पोचेपर्यंत मी एसटीत दात आवळून बसले होते. आता काही आठवडे उलटलेत. राग तसाच आहे, म्हणून लिहिते आहे. गोडगोड लिहून बाईंचा अपमान माझ्याच्यानं व्हायचा नाही.

डाळ मिलच्या मागच्या आमच्या गल्लीत बाई बालवाडी चालवायच्या. खोली पत्र्याची, पोरं मांडीला मांडी लावून बसली तरी निम्मी उंबऱ्याबाहेर. म्हणून बाईंनी दारासमोरचा सिमेंटचा रस्ताच वर्ग केला. ऊन चढायच्या आत त्या रस्ता झाडायच्या आणि रंगीत खडू वाटायच्या. खडू पाण्यात बुडवून ओढला की रेघ जाड, लोण्यासारखी उमटते, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. रस्ताभर आगगाडी निघायची, ज्याचा त्याचा वेगळा डबा. एकानं डबाभर शेळ्या काढल्या होत्या, एकीनं नुसती आई. सावलीभोवती रेघ मारायची आणि घरी जाताना त्याच जागी उभं राहून सावली कुठं पळाली ते बघायचं. पण सगळ्यांचा लाडका खेळ म्हणजे रस्त्यावर उताणं निजायचं आणि बाई अंगाभोवतून खडू फिरवणार. खडू काखेत आला की पोरं खिदळायची. "हलू नको रे, न्हाईतर तीन हात येतील तुला," बाई दटावायच्या आणि पोर हमखास हलायचं. मग उठून आपल्याच आकाराला डोळे, खिसे, मिशा काढायच्या. माझे बाबा भानामती आणि बुवाबाजीविरुद्ध पत्रकं छापून बाजारात वाटायचे. त्यांच्या घड्या घालतच मी मोठी झाले, पुढं स्वतः लिहू लागले. माझं पत्रक वाचून बाई म्हणायच्या, "लई कडक लिहितीस गं. पण माझ्या पोरांला वाचता येत न्हाई अजून. त्यांच्यासाठी काय लिहिलीस?" मी चिडायचे.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता बाईंनी गल्लीतल्या सुनंदाताईंच्या मुलाचा, ओंकारचा आकार त्याच्याच दारासमोर काढला होता. दुपारी पोत्यांनी भरलेला ऑटो त्यावरून गेला. निजलेल्या लेकराला ओलांडू नये, त्याची वाढ खुंटते, असं आमच्याकडं मानतात. चुकून कुणी ओलांडलंच तर आल्या पावली उलटं ओलांडायला लावतात. इथं तर खडूच्या पोटावरून चाक गेलं, आणि त्याच रात्री ओंकारला ताप भरला. त्यात अमावस्या! त्याच्या आजीनं निकाल दिला, "जित्या लेकराला निजवून माप काढलं बाईनं. माप मेलेल्याचं काढत्यात, खड्ड्यासाठी." सकाळी गल्लीभर एकच शब्द होता... भानामती. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला, औषधपाणी झालं, ओंकार बरा होऊन खेळूही लागला. तरी गल्लीनं बैठक बोलावली ती खडूसाठी, नालीसाठी नाही. आणि बसली कुठं? पावसाचं पाणी तुंबलेल्या त्याच नालीच्या काठावर! डास मारत मारत माणसं बाईंना जाब विचारत होती.

मिलवाले अप्पा मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "बाई, तुमचं मन साफ हाय, ठावं हाय आम्हाला. पोराच्या दारात एक नारळ फोडा, त्याच्यावरनं उतरून टाका. मिटलं."

"माझ्याकडून काय झालंय ते तर सांगा की अप्पा."

"झालं न्हाई हो काही. लोकांच्या समाधानासाठी."

"मग लोकांनीच फोडावा. मी फोडला तर माझी पोरं काय शिकतील? रेघेला भ्यावं लागतंय, हेच ना?"

मी उठून डासांबद्दल बोलायला लागले, तर मागून कुणीतरी ओरडलं, "ए पत्रक, खाली बस!" सगळे हसले. हसणाऱ्यांत शिकलेले होते, शिकवणीवर्गात जीवशास्त्र शिकवणारे होते. त्यांना डास ठाऊक नव्हता असं मी मानत नाही.

बालवाडी रिकामी झाली. ज्या बायांनी तान्ही लेकरं बाईंच्या मांडीवर टाकून बाजार केला होता, त्या आता लेकराचा हात घट्ट धरून पलीकडच्या कडेनं जायच्या. बाई मात्र रोज रस्ता झाडायच्या, आगगाडी काढायच्या आणि रिकामे डबे तसेच ठेवायच्या. मिलमधल्या हमालांची दोन पोरं यायची, तीही चुकतमाकत. नालीत डास होऊ नयेत म्हणून बाई गॅरेजमधलं जळकं ऑइल आणून ओतायला लागल्या, तर त्याचीही कुजबुज झाली, "बाई तिन्हीसांजेला कायतरी ओतायलीय." यंदा त्यांनाच ताप आला. या मरणाला मी दैव म्हणणार नाही.

बाईंना त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवून माती दिली. पुढं शोकसभा झाली. तेच अप्पा उभे राहिले, "बाई म्हंजे देवमाणूस. लेकरांवर लई जीव."

मी म्हणाले, "मग भानामती कुणी केली तेही सांगा."

"पोरी, गेलेल्या माणसामागं वाकडं बोलू नये."

"गेलेल्याबद्दल कोण बोलतंय? मी बसलेल्यांबद्दल बोलते आहे."

सुनंदाताई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. बाईंवर काही किटाळ नव्हतं, एवढं एक वाक्य त्या सभेला जड झालं.

परवा सकाळी मी बाईंच्या दारासमोरचा रस्ता झाडला आणि खडू घेऊन बसले. खोलीला कुलूप होतं. कुणी येईल असं वाटलं नव्हतं. सुनंदाताई आल्या, धाकट्या लेकीला पुढं केलं. "हिला निजवू का?" मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही... पण पोरगी आपणहून उताणी पडली होती, हात पसरून. मी खडू ओला केला. डोक्यापासून कोपरापर्यंत रेघ आली तेवढ्यात मिलकडून पोत्यांचा ऑटो आला आणि हॉर्न वाजवू लागला. सुनंदाताई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"ताई, सरका की. काय चाललंय सकाळी सकाळी?"

मिलच्या फाटकात अप्पा उभे होते. सुनंदाताईंनी एकदा तिकडं पाहिलं आणि त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शिवकांताबाईंची शाळा भरलीय. गाडी मागं घे."