रुखवतातला काळोख

माझ्या मुलीने केलेल्या पहिल्या लघुपटात माझ्या पत्नीचा उजवा हात आहे. चेहरा नाही, आवाज नाही, केवळ हात. खुलताबादच्या वरच्या अंगाला आमच्या एका नातलगाचे शेत आहे आणि मृग लागण्याच्या सुमारास तिथे काजवे उतरतात. मुलीने ते चित्रित केले आणि शेवटी आईला हात पुढे धरायला सांगितला. एक काजवा तळहातावर येऊन बसतो, उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो आणि उडून जातो. एवढेच. पण एवढ्यासाठी पत्नीने किती संयमाने हात ताटकळत ठेवला होता, हे मला ठाऊक आहे. कारण तिच्या पायांभोवतीचे डास टॉवेलने हाकलण्याचे काम माझ्याकडे होते.

मुलगी पुण्यात नोकरी करते. लघुपट पुरा झाल्यावर ती तो घेऊन घरी आली आणि आम्ही तिघे हॉलमधल्या टीव्हीसमोर बसलो. पडद्यावर राखेच्या रंगाचे काहीतरी पसरले. त्या राखेत अधूनमधून किंचित हालचाल होत असल्याचा भास होत होता. संपल्याची पाटी आली, तेव्हा पत्नीने विचारले,

“अगं, माझा हात कुठंय? कापलास की काय?”

“आई, तू इतका वेळ त्याच्याकडंच बघत होतीस.”

“मला तर भिंतीला पोचारा मारल्यावानी दिसलं.”

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “छान झालंय. वातावरण चांगलं पकडलंयस.”

“बाबा, दिसलं का काही?”

“थोडंसं.”

ती हसली, पण ते हसू मला समजून घेणारे होते, म्हणून अधिक लागले. दिसले काहीच नव्हते. तिने फोनवर तोच लघुपट लावून दाखवला. तिथे अंधार खरोखर काळा होता. पत्नीने चष्मा वरखाली केला आणि फोन परत दिला. “ह्याच्यात माझा हात म्हणजे मुंगीचा पाय दिसतोय. मला मोठ्यावर बघायचंय.”

दोष आमच्या टीव्हीचाही म्हणता येत नव्हता; त्याची बनावटच तशी. त्याच्या पडद्यामागचा उजेड सगळीकडे एकदमच पेटतो. चित्रात रात्र असो की दुपार, मागचे दिवे चालूच. त्यामुळे काळा रंग कधी काळा होतच नाही, धुरकट राहतो. नव्या संचांत मागे अगदी बारीक दिव्यांची दाट पेरणी असते आणि चित्रात जिथे अंधार, तिथले दिवे मंद होतात किंवा विझतात. हे सगळे मी वाचून ठेवले होते. विकत मात्र घेतले नव्हते.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम करतो. कोणता भाग पुढे जाऊ द्यायचा आणि कोणता परत पाठवायचा, याचा निर्णय मी दिवसभर न अडखळता घेतो. घरी आल्यावर मात्र माझा हा करारीपणा चपलांबरोबर दाराबाहेर राहतो. सिडकोतल्या ज्या दुकानात मी या संचांची चौकशी करत असे, तिथला दुकानदार मला पाहताच खुर्ची पुढे करी.

“या सर. सांगू का? अजून थोडा उतरंल भाव.”

“म्हणजे थांबावं?”

“मी कुठं म्हणलं थांबा? तुम्हीच दर दिवाळीला म्हणता. मी फक्त चहा सांगतो.”

“थांबू जरा” हे माझे दोन शब्द आमच्या घरात इतके रुळले आहेत की, कुकरची शिट्टी लांबली तरी पत्नी त्याला माझे नाव देते. हा कंजूषपणा नव्हे, असे मी स्वतःला अनेकदा समजावले आहे. आज घेतलेली वस्तू उद्या सुधारून आणि स्वस्त होऊन शेजाऱ्याच्या घरी येईल, आणि आपण घाई केली असे ठरेल, ही ती भीती. हळहळ करावी लागू नये म्हणून मी थांबत राहतो आणि मग थांबल्याची हळहळ करतो.

मुलीने फोनवर एकदा सरळच विचारले, “तो टीव्ही स्वस्त झाला, हे तुम्हाला कळणार कसं?”

“सगळ्यांच्या घरी दिसायला लागला की.”

“आणि सगळ्यांनी तुमच्यासारखंच ठरवलं असेल तर?”

याचे उत्तर मला एका लग्नात मिळाले.

आमच्या कारखान्यात जुळणीच्या कामावर असलेल्या एका मुलीचे शेंद्र्यात लग्न होते. मांडवाच्या एका कडेला रुखवत मांडले होते: कुरडया, पापड, शेवयांचे डबे, सुपारीचे नवरा-नवरी, लोकरीचे तोरण. आणि शेवयांच्या डब्यांमागे, हळदीकुंकवाची बोटे लावलेला एक भला मोठा खोका. रुखवत बारकाईने पाहणे हा पत्नीच्या लेखी लग्नाचा मुख्य विधी आहे. ती वाकून खोक्यावरची अक्षरे वाचू लागली.

“अहो, इकडं या. बारीक दिव्यांचा म्हणता, तो हाच ना?”

मी वाचले. तोच होता.

मुंडावळ्या सावरत नवरी स्वतःच म्हणाली, “व्हय मॅडम, तोच. माझ्या पगारातनं घेतलाय. सर, तुमच्याकडं तर कधीचाच असंल!”

पत्नी इतकी हसली की मंगलाष्टकांसाठी जमू लागलेले लोक वळून पाहू लागले. “शेवयांच्या शेजारी येऊन बसला बगा,” ती म्हणाली, “आता अजून किती सगळ्यांच्या घरी जायचा राह्यलाय?”

मी चौकशा केल्या, लेख वाचले, भावांचे अंदाज बांधले. पण एखादी वस्तू सार्वत्रिक झाली हे ओळखण्याची जागा रुखवत आहे, हे मला कधी सुचले नव्हते. परतताना गाडी मी न सांगता सिडकोकडे वळवली. दुकानदाराने सवयीने खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

पुढच्या शनिवारी मुलगी आली. संध्याकाळी तिने पडदे ओढले, हॉलमधली ट्यूब बंद केली आणि नव्या टीव्हीवर लघुपट सुरू केला. त्याच क्षणी खोलीत मिट्ट काळोख झाला.

“गेली वाटतं लाईट!” पत्नी उठली आणि इन्व्हर्टरच्या दिशेने चाचपडत निघाली. टीपॉय तिच्या गुडघ्याला लागला. मीही अनेक वर्षांच्या सवयीने गॅलरीत धावलो आणि समोरच्या इमारतीकडे पाहिले. सगळ्या खिडक्या उजळलेल्या होत्या.

“त्यांच्याकडं आहे!” मी ओरडलो.

“मग आपलाच फ्यूज गेला!”

मागून मुलीच्या हसण्याचा आवाज आला. ती जमिनीवर बसून पोट धरून हसत होती. “अहो, लाईट नाही गेली! माझा पिक्चर सुरू झालाय!”

मी वळलो. जिथे भिंत असायला हवी होती तिथे शेत होते, आणि त्या काळोखात एक हिरवट ठिणगी तरंगत होती. मग दुसरी. मग मोजता येईनात इतक्या. पत्नी गुडघा चोळत जागच्या जागी उभी राहिली.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “आता खरं सांगा. दिसलं?”

“दिसलं,” मी म्हणालो, आणि त्याला काही जोडावे लागले नाही.

शेवटी हात आला. तळहातावर काजवा उजळला, तेव्हा त्याच्याभोवती पुसटसे धुके उमटले. मागचे दिवे अजून काजव्याएवढे बारीक झालेले नाहीत. त्याचा उजेड कडेने जरा सांडतो. माझ्या तपासनिसाच्या डोळ्याने ते हेरले. पुढच्या वर्षी हेही सुधारेल, हे वाक्य जिभेवर आलेच होते.

“बगा तरी,” पत्नी हळू आवाजात म्हणाली, “माझ्या हातावर कसं तेज उतरलंय.”

मी ते वाक्य गिळले आणि तो उजेड पास केला.

“पुन्हा लाव,” पत्नीने फर्मावले. “सुरुवातीपासनं. मघाशी निम्मा माझा इन्व्हर्टर शोधण्यात गेला.”

मुलीने पुन्हा लावला. पुन्हा खोलीभर काळोख झाला. या वेळी कुणी उठले नाही. अंधारात पत्नीचा तोच हात माझ्या हातावर आला आणि कानाशी आवाज आला, “लाईट गेली, बरं का.”

“जाऊ दे,” मी म्हणालो.