एकाच घरची वीण

माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क पहिला, ही आम्हां दगड फोडणाऱ्या वडारांची रीत. त्यामुळं मला कुणी विचारलं नाही आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही. माहेर वाशीमकडं, वऱ्हाडात. सासर हिंगोलीच्या बाहेर, औंढ्याच्या वाटेवर, जिथं आमच्या लोकांची वस्ती होती. मधे कनेरगावचा नाका. तिथं इंग्रजाचा मुलूख संपायचा आणि निजामाचा लागायचा.

बापानं लग्नात माझ्याबरोबर एक पांढरं डुकराचं पिल्लू दिलं. वाशीमकडं एका गोऱ्या पाद्र्याच्या बंगल्याचं दगडकाम बापानं केलं होतं. पाद्र्यानं विलायती डुकरं पाळली होती, त्यातलं हे नर पिल्लू त्यानं खुशीनं दिलेलं. नाक्यावरच्या शिपायानं पाटीवरचं फडकं उचललं आणि आत काय आहे ते बघून दोन पावलं मागं सरला. 'जाव, जाव' म्हणत त्यानं आमची सगळी वरातच न तपासता सोडली. मालक तेव्हा हसले. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही, मालकच म्हणायची. त्यांचं हसणं मी पहिल्यांदा बघितलं ते त्या नाक्यावर.

मालक दगड फोडायचे, पण जीव सगळा डुकरांत. वस्तीवर डुकरं प्रत्येकाकडं होती, काळी, राठ केसांची, आखूड पाठीची, पोट जमिनीला घासणारी. लग्नाकार्यात, देवीच्या कामात डुक्कर कापलं की निम्मी नुसती चरबी निघायची. सासऱ्यांना त्याचाच अभिमान. चरबी तळायला होते, दिव्याला होते, दुखऱ्या गुडघ्याला चोळता येते, असं ते म्हणायचे. मालकांचं म्हणणं वेगळं होतं. माणसं जेवायला मांस मागतात, आणि वाटे घालताना प्रत्येकाचा डोळा लाल तुकड्यावर असतो. त्यांना लांब पाठीचं, भरल्या मांड्यांचं जनावर हवं होतं. ते पिल्लाच्या पाठीवरनं सावकाश हात फिरवायचे आणि वितीनं लांबी मोजायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, की हा नवरी बघून राहिला.

पांढरा नर मोठा झाल्यावर घरच्या काळ्या माद्यांना दाखवला. पहिल्या वेताची पिल्लं झाडून सगळी पांढरी झाली, कुणाच्या कातडीवर निळसर ठिपका असेल तेवढाच. पाठी लांब, अंगं तुकतुकीत. चुलत दिराच्या लग्नात त्यातलं एक कापलं तेव्हा मालकांनी मला हाक मारून बोलावलं आणि पाठीचा काप दाखवला. वर चरबीची पातळ पट्टी, खाली तळहाताएवढं लाल मांस. त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नाहीत, लोकांच्या पत्रावळ्यांकडं बघत हिंडत होते.

पण पुढच्या पिढीला गंमत झाली. त्याच पांढऱ्या पिल्लांची आपसात जोडी लावली, तर त्यांच्या पोटी काही काळी पिल्लं परत आली. काही आखूड, काही लांब, काही आजीसारखी पोट सुटलेली. सासरे म्हणाले, विलायती गुण उतरला, पाण्यात टाकलेला रंग किती दिवस टिकणार. मालकांनी ऐकून घेतलं आणि दिवसदिवस त्या पिल्लांपुढं बसून राहिले. मग एकदा भाकरी खाताना मला म्हणाले, की रंग वेगळा चालतो आणि पाठ वेगळी चालते. काळ्यातही एक लांब पाठीची होती. लोक नुसतं पांढरं बघून ठेवतात, तिथंच चुकतात.

खरी अडचण दुसरीच होती. मांस आतून कसं आहे ते जनावर कापल्यावर कळतं, आणि कापलेल्या जनावराची वीण कुठून होणार? त्यावर त्यांनी काढलेला उपाय साधा होता. एका वेतातला भाऊ कापायचा आणि त्याचं मांस चांगलं निघालं तर त्याची बहीण ठेवायची. त्या काळ्या लांब मादीचे दोन भाऊ असेच कापले गेले, म्हणून ती राहिली. तिला चारापाणी मीच करायची. माझा पायरव ऐकला की ती उठून उभी राहायची.

ह्याच वर्षांत माझी दोन बाळंतपणं झाली. पहिली मुलगी जन्मतानाच गेलेली होती. दुसरा मुलगा. तो रांगायला लागेल असं वाटत होतं, पण मान धरली नाही, अंगावर दूध ओढायची ताकद नाही. मालक त्याला दोन्ही हातांत धरून उन्हाला बसायचे. एका सकाळी ते तसेच बसलेले होते आणि त्यांच्या हातातच तो गेला. बराच वेळ त्यांनी मला सांगितलं नाही. तसेच बसून राहिले. मी भाकरी थापत होते.

नंतर सासऱ्यांनी वस्तीतल्या चार माणसांना बोलावलं. घरात आमची बोली तेलुगूकडची, पण ते बोलणं मला मराठीत सांगतानाही जड जातं. ते म्हणाले, "हिच्या घरचं रक्तच कच्चं हाय. पोराला दुसरी करायची." आत्या खाली मान घालून बसली होती. माझं घर ते तिचंही माहेर. माझ्या रक्ताला नाव ठेवलं की ते तिलाही लागत होतं, आणि तिला तोंड उघडता येत नव्हतं.

मालक कधी बापापुढं बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"पिल्लू नुसतं मादीचं नसतं. अर्धं नराचं असतं. मी इतकी वेतं बघितली. दोष काढायचा तर अर्धा माझ्यावर काढा."

माणसं उठून गेली. दुसऱ्या बायकोचा विषय पुन्हा निघाला नाही. मी त्या दिवशी मनात म्हटलं, आता लेकरू नाही झालं तरी चालेल.

पुढं आमच्या डुकरांचं नाव झालं. कळमनुरीकडनं, सेनगावाकडनं आमचे लोक नर मागायला यायचे. पण मालकांना आपली वीण बिघडू द्यायची नव्हती. बाहेरचा नर त्यांनी घेतला नाही. त्याच काळ्या मादीची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं, सगळी जोडणी घरातल्या घरात. पाठी लांबच होत गेल्या. आणि मग वेतं लहान व्हायला लागली. कधी मेलेली पिल्लं, कधी आचळ धरायची ताकद नसलेली. एक वेत झालं त्यात एकच पिल्लू उभं राहिलं, तेही संध्याकाळी पडलं. मालकांनी ते उचलून हातात घेतलं. मान लटकत होती. ते बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

मी जवळ गेले. ते म्हणाले, "सगळी एकाच घरातली झाली."

मी म्हटलं, मग बाहेरचा नर आणू, माझ्या बाबांना सांगते, पाद्र्याकडं असतील अजून.

त्यांनी पिल्लू खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आपण बी एकाच घरातले."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तिथनं उठून चुलीपाशी गेले आणि उगाच लाकडं सारत बसले. त्या दिवसापासनं ते माझ्याशी जास्तच मायेनं वागायला लागले, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली. रात्री ते अंथरूण बाहेर टाकू लागले.

मग गडबडीचा काळ आला. निजामाच्या राज्यात लुटालूट, जाळपोळ सुरू झाली, गावोगावची माणसं बायकापोरं घेऊन वऱ्हाडात जात होती. मालकांनी मला गाढवावर बसवलं आणि आडवाटेनं माहेरी आणून सोडलं. आत्या-सासरे मागंच राहिले, म्हणून ते लगेच परतले. मी म्हटलं, निवळलं की न्यायला या. ते व्हय म्हणाले.

निजामाचं राज्य गेलं. लोक आपापल्या गावी परतले. दिवाळीच्या सुमाराला मालक आले. मी गाठोडं बांधून ठेवलं. ते बाबांशी आणि पंचांशी बोलायला बसले, तेव्हा मी आत होते. माझं मन संसारात नाही, हिला मोकळी करतो, चूक माझी, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण एका शब्दानं सांगितलं नाही, माझ्या घराला बोल लागू नये म्हणून. बाबा चिडले, नाही नाही ते बोलले. मालकांनी ते सगळं ऐकून घेतलं.

मी त्यांना घराच्या मागं गाठलं. "मला लेकरू नको," मी म्हटलं. "मला घरी न्या."

"आज नको म्हणतीस."

"कधीच म्हणणार न्हाई."

ते म्हणाले, "मी तुला दोन बार लेकरासाठी रडताना बघितलं. तिसऱ्यांदा बघायची माझ्यात ताकद न्हाई. दुसऱ्या घरी तुझी लेकरं जगतील."

मी त्यांचा हात धरला होता. त्यांनी तो हळूच सोडवला आणि निघाले. वळून बघितलं असतं तर मी मागं धावले असते. ते त्यांना माहीत होतं.

बाबांनी माझा पाट लावून दिला, अकोल्याकडच्या एका वडाराशी. माणूस चांगला. मला मुलगा झाला, मग मुली झाल्या, आणि सगळी जगली. मुलगा पहिल्यांदा उठून उभा राहिला तेव्हा मी इतकी रडले, की घरच्यांना वाटलं मला काही चावलं. माहेरच्या एका लग्नात आत्या भेटली. तिनं सांगितलं, मुलगा झाल्याचा निरोप मालकांनी ऐकला. मग एवढंच विचारलं, की मान धरली का. दुसरी बायको त्यांनी केली नाही. पुढं खाणीत दरड पडून ते गेले.

माझी धाकटी बहीण त्यानंतर माझ्या दुसऱ्या आत्याच्या मुलाला दिली. तीही नवऱ्याच्या मामाचीच पोरगी. मी कुणाला काही बोलले नाही, पण तिच्या प्रत्येक बाळंतपणाला जाऊन राहिले. तिची सगळी लेकरं धडधाकट निघाली. थोरला तर असा भरला होता, की मला उचलवायचा नाही. बहीण हसून म्हणायची, काहून एवढी टक लावून बघतीस. मी तिच्या पोराच्या मानेखालचा हात काढून घ्यायची आणि मान आपणच ताठ राहते का ते बघायची. ती राहायची.