पाचवं घर, 'सध्या बंद'

आमच्या वाचनालयानं ठरवलं की, जुन्या स्थानिक लेखकांच्या घरांवरून सभासदांनी आपलं आपण फिरून यावं. बरोबर वाटाड्या नाही. छापील कागद घ्यायचा आणि खुणा पाहत चालायचं. नव्वदच्या दशकाची अखेर होती. माझ्यासारख्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्यांना गावांची ओळख व्हावी, हा हेतू. मजकूर कार्यकारिणीतल्या एका सभासदानं लिहून दिला. तो मूळचा वटार गावचा. मी तिथं ग्रंथपाल, म्हणून छापण्याआधी रस्ता तपासायचं काम माझ्याकडे आलं. असली कामं माझ्याकडेच येतात.

एका रविवारी सकाळी छत्री, पाण्याची बाटली, पेन्सिल आणि पुठ्ठ्याचं पॅड घेऊन निघाले. गास गावात पहिल्याच घरापाशी जाणवलं की, मी घरांकडे बघते त्याहून जास्त घरंच माझ्याकडे बघताहेत. कुंपणाशी बोलणाऱ्या दोघी गप्प झाल्या, मग घरच्या बोलीत सुरू झाल्या. मला एकच शब्द कळला, 'बिल्डर'. पॅड घेऊन घर न्याहाळणारी परकी बाई, दुसरं काय समजणार? तेव्हा असं न्याहाळून गेलेल्यांच्या मागोमाग मातीचे डंपर येत आणि वाडीला पाणी देणारं बावखलाचं तळं बुजून जाई. मी पॅड पिशवीत टाकलं. त्यानं मी आणखीच चोर दिसू लागले.

पाचवं घर वटारला, एका दिवंगत कथाकाराचं. दिवसा शाळेत शिकवायचे, दिवाळी अंकांतून कथा लिहायचे. कागदावर पुढे होतं, 'वारस बाहेरगावी. घर सध्या बंद.' दाराला गंजलेलं कुलूप होतंच. मी बरोबरची खूण केली आणि निघाले, तर बाजूच्या दोरीवर पातळ वाळत घातलेलं दिसलं. त्यातून पाणी ठिबकत होतं.

वळसा घालून मागे गेले.

"थितंच उभी रा!" केळीतून एक म्हातारी बाहेर आली. हातात कोयता. "किती फूट भरलं?"

"काय, मावशी?"

"घर. मोजायला आलीस ना? गेल्या वेळी बाप्या होता, आता बाई धाडली."

वाचनालयातून आले, लेखकांची घरं बघतेय, असं सांगितलं.

"पुस्तकं वाचायची सोडून घरं काय वाचता?" मग कागदाकडे बोट करून, "काय लिवलंय? वाच."

मी वाचलं. 'बंद'पाशी अडखळले.

"बंद? मंग ही केळी कोन पिकवतं? कुलूप?"

ती त्या कथाकारांची बायको. वाडीत राबणारं घर मागच्या दारानं वावरतं. पुढचं दार पाहुण्यांचं. नवरा गेल्यावर पाहुणे यायचे थांबले, म्हणून तिनं पुढे कुलूप घातलं. फ्लॅटमधल्या माणसाला त्यावरून घर रिकामं वाटेल. वटारच्या माणसाला कसं वाटेल?

"लिवनारा माझा पुतन्या," ती म्हणाली. "घर सामाईक. मी ऱ्हाते तवर कोन घेत नाय. म्हनून गिऱ्हाईक आनतो, पुढनं दाखवतो, रिकामं हाय म्हनतो. आता कागदावर छापून घेतो. मी कुठं जाऊ?"

खरं सांगायचं तर तिच्यावरही माझा लगेच विश्वास बसला नाही. सामाईक घराच्या भांडणात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. विचारलं, "त्यांचं काही लिखाण, पुस्तकं आहेत?"

"पुस्तकं तुमच्याच वाचनालयानं नेली. कपाटासकट. परत कधी देनार?"

ते कपाट मी रोज उघडत होते. त्यावर देणगीदार म्हणून पुतण्याचं नाव होतं.

पुढच्या बैठकीत मी ओळ बदलायची म्हटलं. पुतण्या हसला. "मॅडम, काकी लेकीकडे असतात. मधून मधून येतात. एका ओळीनं काय होतंय?"

"काही होत नसेल तर बदलू द्या."

"घरातला मामला आहे, मॅडम."

"मग तो वाचनालयाच्या कागदावर कशाला?"

अध्यक्ष पंख्याकडे बघत राहिले. छापखान्यात मीच जाणार होते. छापून आलं, 'येथे त्यांच्या पत्नी राहतात. मागच्या दाराशी हाक मारावी.'

फेरीच्या रविवारी मी मुद्दाम उशिरा निघाले. पुतण्या त्या दिवशीही गिऱ्हाईक आणेल, हा माझा संशय खरा ठरला. घरासमोर गाडी उभी होती आणि पुतण्या सफारी सूट घातलेल्या एका पाहुण्याला पुढची बाजू दाखवत होता. आमचे सभासद कागद वाचत त्यांच्या बाजूनं सरळ मागे चालले होते. "मावशी, आहात का?" अशी हाक येई आणि लगेच उत्तर, "कोन हाय? काय पायजे?"

पाहुण्यानं कान दिला. "घर खाली है, बोला था ना?"

"वाचनालयाचे लोक आहेत," पुतण्या म्हणाला.

"वो नहीं. अंदर कौन है?"

पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला आणि गाडी वळून जाईपर्यंत तिथून हलले नाही.