चाचांची परतीची बॅटरी

बॅटरीचाचांइतका कंजूष माणूस मी दुसरा पाहिला नाही. चहा पाजतील, घरचे आंबे पिशवी भरून देतील, पण त्यांच्या सायकलच्या बॅटरीवर कुणी मोबाईल लावू म्हटलं, की दोन्ही हात आडवे. "चार्ज म्हंजे श्वास, बाई. श्वास कुनी उसना देतं काय?" स्वतः मात्र आमच्या शाळेच्या प्लगवर हक्काने चार्जर लावून बसत. वर मलाच ऐकवत, "सरकारची वीज हाय, तुमची न्हाय."

आखातातल्या एका बंदरावर ते इलेक्ट्रिशियन होते. छातीचं ऑपरेशन झालं आणि श्रीवर्धनला परत आले. डॉक्टरांनी सायकल बंद केली, तर ते डॉक्टरांशीच घासाघीस करून आले. शेवटी ठरलं, की सायकलला मोटर असेल तरच चालवायची आणि चढाला पायाने जोर मारायचा नाही. मग चाचांनी घरीच मोटर बसवली, दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या झोळ्या शिवून घेतल्या आणि हिंडायला सुरुवात केली. आज हरिहरेश्वर, उद्या तळा गावाला बहिणीकडे. अशीच एकदा वाटेत तहान लागली म्हणून आमच्या वाडीच्या शाळेत शिरले, आणि मग दर आठवड्याला यायला लागले.

सायकलवर तीन बॅटऱ्या. एक दांड्यावर, दोन झोळ्यांमध्ये. प्रत्येकीला चाचींनी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती, खड्ड्यांत हादरे बसू नयेत म्हणून. वजन चाकाच्या आसाजवळ, खाली हवं. वर बांधलं तर सायकल माणसाला पाडते, हे प्रवचन मी इतक्या वेळा ऐकलं, की मुलांना भूगोलाच्या तासाला तेच सांगून मोकळी झाले असते. चढ चढून आलेली गरम बॅटरी ते लगेच चार्जिंगला लावत नसत. आधी ओट्यावर सावलीत ठेवत आणि तिच्याशेजारी स्वतः बसत. "दोघं गार होतो," म्हणत.

लाल गोधडीतली बॅटरी परतीची. श्रीवर्धन आणि आमची वाडी यांच्यामध्ये खिंड आहे, आणि येताना उतरलेली खिंड जाताना चढावी लागते. काही झालं तरी लाल बॅटरी त्या चढासाठीच. एकदा कामानिमित्त श्रीवर्धनला गेले होते, तेव्हा चाची माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, मला दुसरी कसली फिकीर न्हाय. पन हे त्या खिंडीत एकटेच पडले तर? मला कळनार पन न्हाय." मी म्हटलं, लाल बॅटरीवर माझं लक्ष आहे.

मग ते वादळ आलं. सुपारीच्या बागा झोपल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब काडीसारखे मोडले. काही दिवसांनी शाळेमागच्या टेकाडावर मोबाईलची रेंज आली, पण वाडीत एकाही मोबाईलमध्ये जीव नव्हता. मुंबईला, आखातात आमची माणसं काळजीने अर्धी झाली असणार, आणि "आम्ही आहोत" एवढंही आम्हाला कळवता येत नव्हतं.

अशात एका सकाळी चाचा आले. वाटेत झाडं आडवी पडलेली. प्रत्येक झाडाशी थांबून आधी बॅटऱ्या पलीकडे ठेवायच्या, मग सायकल ओढायची, असं करत आले. वादळाच्या आदल्या दिवशी छपरावरचं सोलर पॅनेल उतरवून पलंगाखाली सरकवणारा अख्ख्या श्रीवर्धनात हाच एक माणूस असेल. त्यावर तिन्ही बॅटऱ्या भरून त्यांनी आणल्या होत्या. ओट्यावर स्वतः बनवलेला प्लगचा डबा ठेवला आणि ओरडले, "आना रे मोबाईल! एकदम झुंबड न्हाय!" तोच माणूस! 

ते रोज यायला लागले. पहिली बॅटरी येतानाच्या चढाला संपे, दुसरी वाटेतल्या वस्त्या आणि आम्ही मिळून संपवत असू, आणि लाल बॅटरीवर ते जेवून निघत.

एके दिवशी दुपारी दुसरी बॅटरी संपत आली असताना खाडीपलीकडच्या पाड्यातून भागीमावशी चालत आली. मुंबईला तिचा एकुलता एक मुलगा. मोबाईल थोडा भरल्यावर मी तिला टेकाडावर नेलं. मागोमाग चाचाही आले, हळूहळू. मुलाचा आवाज ऐकताच मावशी ओरडली, "आरं, मी हाय! घर न्हाय, पन मी हाय!"

खाली आल्यावर ती म्हणाली, "आमच्या पाड्यात आजून कुनाचंच बोलनं न्हाय झालं. सांजच्याला येतील समदी."

चाचा सायकलपाशी गेले. झोळीतून लाल गोधडी काढली आणि सोडायला लागले. मी तिच्यावर हात ठेवला. "चाचा, ही नाही. चढ कसा चढणार?"

"हात काढा, बाई."

"चाचींना मी शब्द दिलाय."

"मंग तिला सांगा, म्हातारा ऐकत न्हाय. चाळीस वर्षं तेच सांगतेय ती सगळ्यांना."

बॅटरी त्यांनी माझ्या ताब्यात दिली, कुणाचा मोबाईल किती वेळ लावायचा ते सांगितलं आणि निघाले. मला रडूच यायला लागलं. भागीमावशीने मात्र पदर खोचला, चुंबळ केली आणि एक रिकामी बॅटरी डोक्यावर घेतली. दुसरी शेजारच्या सुनेने. दोन कोळ्यांनी सायकल धरली. लाल बॅटरी शाळेतल्या मोठ्या मुलांवर सोपवून मीही निघाले. चाचांच्या हातात काहीच ठेवलं नाही. चार पावलं चालायचं की त्यांना बसवायचं, पाणी द्यायचं, पुन्हा उठवायचं. आणि ते पूर्ण चढभर भांडत होते. "डोक्यावर न्हाय! वजन खाली पायजे!"

"तुमची सायकल पडत आसंल, आमी न्हाय पडत," मावशी म्हणाली.

खिंडीत पोचल्यावर त्यांनी बॅटऱ्या आपल्या हाताने झोळीत बसवल्या आणि सायकलवर चढले. पुढे सगळा उतारच होता. आम्ही वरून बघत उभे होतो, आणि खरं सांगते, देवाला हात जोडताना वाटलं नसेल तेवढं मला त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघून वाटलं.

वाडीत वीज येईपर्यंत ते रोज आले आणि रोज संध्याकाळी वाडी त्यांना खिंडीपर्यंत पोचवून आली. पुढच्या वर्षी ते गेले. मी भेटायला गेले, तेव्हा चाचींच्या समोर मान वर करायची माझी हिंमत होईना. दिलेला शब्द काही मी पाळला नव्हता.

चाचींनीच मला जवळ बसवलं. म्हणाल्या, "घरात गेले, बाई. माझ्या मांडीवर डोकं होतं. खिंडीत न्हाय गेले. तेवढं तुम्ही लोकांनी मला दिलंत."