कागदावर कायम

आमच्या कॉलेजात दर पाच वर्षांनी मूल्यांकन समिती येते, आणि ती येणार म्हटलं की आम्हा सगळ्यांच्या अंगात येतं. दोन महिने शिकवणं बाजूला. भिंतींना रंग, कुंड्यांना रंग, एका वर्षी तर झाडांच्या बुंध्यांनाही रंग. वर्षभर गळणारे नळ बरोबर आदल्या आठवड्यात गळायचे थांबतात, म्हणजे ते आधीही थांबवता आले असते. मला या सगळ्याची चीड आहे आणि ती मी लपवत नाही. पण हे लिहायला बसले ते नळांसाठी नाही, थेंबताईंसाठी.

थेंबताई आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस. हे नाव मुलांनी ठेवलेलं. ब्युरेटची, म्हणजे द्रावण सोडायच्या काचनळीची, तोटी मोकळी सोडून एखादा गप्पा मारत उभा राहिला की मागून आवाज यायचा, "आता थेंब थेंब रे! रंग पुढे गेला की परत पहिल्यापासून." शिकवायची मी, पण मुलांचे प्रयोग जमायचे ते त्यांच्या धाकामुळे. प्रत्येक बाटलीवर द्रावण कधी केलं त्याची तारीख असायची. एकदा घाईत मी आदल्या दिवशीची तारीख घातली, तर त्यांनी कागद सोलून काढला. म्हणाल्या, "मॅडम, काल तुम्ही रजेवर होतात."

अशी ही बाई अठरा वर्षं तात्पुरती. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक महिना घरी, मग नव्याने अर्ज आणि नव्याने मुलाखत. मुलाखत आमच्याच प्रयोगशाळेत व्हायची, कारण मोठं टेबल तिथेच आहे. त्या दिवशी थेंबताई आमच्या नोकरीत नसायच्या, तरी सकाळी येऊन टेबल पुसायच्या, चार खुर्च्या मांडायच्या, पाण्याचे ग्लास भरून ठेवायच्या, बाहेर जाऊन बसायच्या आणि नाव पुकारलं की आत यायच्या. एकदा त्यांना विचारलं गेलं, "कामाचा काही अनुभव?" विचारणारा त्यांनीच भरलेल्या ग्लासातलं पाणी पीत होता. मी शेजारी मूग गिळून बसले.

तात्पुरत्या माणसाला आजारपणाची रजा नसते. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या नवव्या दिवशी पोटाला पट्टा बांधून हजर. मी ओरडले, तर म्हणाल्या, "घरी बसले तर घरीच बसवतील." नवरा शाळेची व्हॅन चालवायचा आणि त्याची नजर अधू होत चाललेली. आणखी दोन वर्षं व्हॅन चालली तर खूप, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यानंतर घर यांच्याच नोकरीवर येणार होतं, आणि ती नोकरी दर अकरा महिन्यांनी संपत होती.

म्हणून प्राचार्यांनी शब्द दिला तेव्हा त्या हरखल्या. "ही समिती पार पडू दे, ताई. चांगली श्रेणी मिळाली की तुम्हाला कायम करायची फाइल मी स्वतः वर घेऊन जातो."

समितीच्या अहवालातला शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा तक्ता माझ्या गळ्यात पडला. मी खरं ते लिहिलं. कायम नऊ, तात्पुरते सहा. अहवालाचं काम पाहणाऱ्या समन्वयकांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, सहा तात्पुरते दिसले तर गुण जातील. सगळे कायम लिहा. त्यांच्या फायली होणारच आहेत ना? आपण थोडं आधी लिहितोय, एवढंच." नळांवरून आकांडतांडव करणाऱ्या मी नवाचे पंधरा केले, सहा जणांच्या नावांपुढे कायम झाल्याच्या मनच्या तारखाही घातल्या. पटलं म्हणून नाही. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि मला घरी जायचं होतं.

अहवालाच्या प्रती सगळ्यांना पाठ करायला वाटल्या. थेंबताईंनी स्वतःच्या नावापुढे 'कायम' वाचलं, परत वाचलं, आणि माझ्याकडे आल्या.

"मॅडम, हे झालं?"

"होणार आहे."

"पण तारीख नऊ वर्षांपूर्वीची घातलीय."

"तेवढं चालवून घ्या हो."

त्यांनी ते पान घडी न घालता पिशवीत ठेवलं आणि नवऱ्याला दाखवायला घरी नेलं. त्याने म्हणे डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचलं.

समिती आली. तिच्यातल्या एका वयस्क प्राध्यापिका बाटल्यांच्या फळीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वळून त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही इथे कायम आहात?" थेंबताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बेसिनकडे पाहिलं.

"हो. नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या.

आम्हाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. फाटकावर फलक लागला, समन्वयकांच्या गळ्यात हार पडले. पंधरा दिवसांनी आम्ही दोघी प्राचार्यांकडे गेलो. ते भलतेच खुशीत होते, थेंबताईंना चक्क बसा म्हणाले.

"ताई, जरा पंचाईत झालीय. अहवालात आपण तुम्हाला कायम दाखवलंय. तो अहवाल आता जगजाहीर आहे. मी वर कोणत्या तोंडाने लिहू, की या तात्पुरत्या आहेत, यांना कायम करा? कायम माणसाला कायम कसं करणार?"

"मग कधी, सर?"

"पुढच्या मूल्यांकनानंतर बघू."

"पाच वर्षांनी? तोवर माझं निवृत्तीचं वय होईल." मग त्यांनी विचारलं, "मग आता कायम माणसाची रजा तरी मिळेल?"

प्राचार्य हसले. अगदी मनापासून हसले. "अहो ताई, तो कागद समितीसाठी होता!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी टेबलावर हात आपटला. "तक्ता खोटा आहे, असं मी समितीला लिहून कळवते!"

त्यांनी शांतपणे अहवाल उघडून माझ्यासमोर सरकवला. तक्त्याखाली छापलेलं होतं, 'वरील माहिती मी तपासली असून ती खरी आहे.' त्याखाली माझी सही.

"कळवा की," ते म्हणाले. "चौकशी सहीवाल्याचीच होईल."

बाहेर व्हरांड्यात आलो. मी म्हटलं, "ताई, मी पत्र देणार. काय व्हायचं ते होऊ दे."

त्यांनी माझा दंड धरला. "नका देऊ, मॅडम. तुमची नोकरी खरंच कायम आहे. ती कशाला घालवता?"

आणि मला हायसं वाटलं, सुटकेचा सुस्काराच निघाला. प्राचार्यांचा मला संताप आहे, समन्वयकांचा आहे, पण सगळ्यात जास्त संताप आहे तो त्या हायसं वाटण्याचा. थेंबताईंनी तो सुस्कारा ऐकला. माझा दंड सोडून त्या दोनच्या बॅचसाठी प्रयोगशाळेचं दार उघडायला निघून गेल्या.