विनाचालक गाडीचा ड्रायव्हर

अंबादास ड्रायव्हर आहे हे सांगावं लागत नाही. साध्या खुर्चीत बसला तरी उजवा पाय जरा पुढे असतो आणि समोर वळण नसलं तरी मान आधी आरशाच्या जागी वळते.

जालन्याजवळच्या एका खेड्यातून तो ब्याण्णव साली एका सरकारी साहेबांबरोबर दिल्लीला आला. देश तेव्हा नुकताच खुला झाला होता. अंबादासपुरता त्याचा अर्थ एवढाच, की साहेबांची अॅम्बॅसेडर गेली आणि मारुती आली. साहेब निवृत्त झाले, गुडगावात काचेच्या इमारती उगवल्या, आणि हा कॉल सेंटरच्या पोरांची ने-आण करू लागला. तेही संपलं तेव्हा गाझियाबादला आमच्या 'व्हेनिस हाइट्स'मध्ये आला. व्हेनिस का, ते बिल्डरला विचारा. पाणी टँकरने येतं.

बावीस टॉवर, आणि शेवटच्या टॉवरपासून गेट चांगलं किलोमीटरभर लांब. म्हातारी माणसं, शाळेची मुलं आणि मेट्रो गाठायला धावणारे, यांना गेटपर्यंत सोडायला सोसायटीने बॅटरीवर चालणारी गाडी घेतली. बारा वर्षं ती अंबादासने चालवली. चालवली म्हणजे काय, हे आमच्या कमिटीला ठाऊक नाही म्हणून लिहिते. माझा गुडघा कोणता दुखतो हे त्याला माहीत होतं; त्या बाजूने गाडी लावायचा. कुणाच्या नातवाचा डबा विसरला की परत फिरायचा. आणि बरोबर रस्त्याच्या मधोमध झोपणाऱ्या तांबड्या कुत्र्याला उठवायचा. त्या कुत्र्याचं नाव त्याने 'पाटील' ठेवलं होतं, कारण तो वाट अडवून झोपायचा आणि कुणासाठी हलायचा नाही. हॉर्नला, काठीला, खुराना सेक्रेटरींच्या पंजाबी शिव्यांना दाद नाही. अंबादास मात्र खाली उतरून म्हणायचा, "पाटील, उठा बरं." की स्वारी उठून बाजूला.

हे सगळं छान चाललं होतं, म्हणजेच कुणाच्या तरी डोळ्यांत खुपणार होतं. ते माझ्याच चिरंजिवांच्या खुपलं. सुजय विनाचालक गाड्यांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला स्वतःला गाडी मागे घेता येत नाही. बेसमेंटचे दोन खांब साक्षीला आहेत. कमिटीपुढे त्याने पडद्यावर चित्रं दाखवली. त्यात आमच्या रस्त्यावर झाडं होती आणि सगळी माणसं गोरी होती. ठरलं असं, की दसऱ्याला पाहुण्यांसमोर नवी गाडी चालवायची. ती गेटपर्यंत नीट गेली, तर ड्रायव्हरची जागा रद्द.

"आणि अंबादास?" मी घरी विचारलं.

"यार आई, तो अपस्किल होईल ना."

"अठ्ठावन्नाव्या वर्षी? तू चाळिशीत शर्टाचं बटण लावायला शिकलास का?"

"तू प्लीज इमोशनल होऊ नकोस."

मी इमोशनल नव्हते. मी चिडले होते. दोन्हींतला फरक त्याला कॉलेजात शिकवत नाहीत.

दसरा उजाडला. दर दसऱ्याला अंबादास गाडी धुऊन, स्टिअरिंगला हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालतो. त्याने जुन्या गाडीची पूजा केली, आणि मग कुणी न सांगता नवीचीही करायला गेला. कुंकू लावायला स्टिअरिंग शोधलं. ते नव्हतंच. शेवटी समोर, कपाळाच्या जागी, एक काळा गोल डोळा दिसला. त्यावर त्याने ठसठशीत कुंकू लावलं आणि वरून माळ सोडली.

पाहुणे बसले. खुरानाजींनी नारळ फोडला, सुजयने बटण दाबलं. गाडी हलेना.

"ओए सुजय बेटा, चल क्यों नहीं रही?"

सुजयने लॅपटॉप उघडला. "अंकल, सामने ऑब्स्टॅकल दिखा रही है."

मग अडथळा हटवायची धांदल सुरू झाली. रिबन काढली. नारळाच्या करवंट्या उचलल्या. तरी अडथळा. शेवटी सगळ्यांची नजर, गाडीसमोर पोट पुढे काढून उभ्या असलेल्या खुरानाजींवर गेली. तेही मुकाट्याने हटले. गाडी ढिम्म.

मला झेंडूची माळ तेव्हाच दिसली. शेजारी उभ्या अंबादासलाही दिसली असावी, कारण त्याचा उजवा पाय हलला.

मी त्याचा दंड धरला. "तोंड उघडू नकोस. अर्धा तास गप्प राहा, ही पीडा टळेल."

"बाई, गाडी आंधळी झालीय."

"होऊ दे."

"माझ्या हातानं झालीय." त्याने दंड सोडवून घेतला. "काचेला चिखल लागला तर पुसत नाही का आपण? लोक बसलेत गाडीत."

गेला, माळ उतरवली, स्वतःच्या रुमालाने कुंकू पुसलं. गाडी सुळकन निघाली. टाळ्या सुजयला मिळाल्या. अंबादासची नोकरी तिथेच, त्याच्याच रुमालाने, पुसली गेली.

पण विमावाले म्हणाले, गाडीत एक जबाबदार माणूस हवाच. मग अंबादासला 'राइड असोसिएट' म्हणून परत घेतलं. निळा टी-शर्ट, गळ्यात कार्ड, आणि सक्त ताकीद: पुढच्या बाकावर बसायचं नाही, ड्रायव्हर वाटतो. तो मागे बसायचा. गाडी वाळक्या पानाला, कबुतराला, दुधाच्या पिशवीला बिचकून थांबायची, आणि हा उतरून पान उचलायचा. पाटील आडवे असले तर त्यांना उठवायचा. प्रत्येक गतिरोधकाला त्याचा पाय रिकाम्या फरशीवर ब्रेक दाबायचा. गेटला पोचायला दुप्पट वेळ लागू लागला, याला सुजय 'लर्निंग फेज' म्हणायचा.

मार्चमध्ये दुसऱ्या सोसायट्यांचे सेक्रेटरी गाडी बघायला आले. खुरानाजींनी अंबादासचा टी-शर्ट उतरवून त्याला स्वतःचा जुना कोट घातला. "आज तू पॅसेंजर है. कोई पूछे तो बोल, टॉवर नौ में रहता हूँ."

मी समोरच्याच बाकावर होते. वाटेत एका पाहुण्याने कौतुकाने त्याला विचारलं, "भाईसाहब, डर नहीं लगता? बिना ड्राइवर की गाड़ी में?"

अंबादासने खुरानांकडे पाहिलं. मग कोटाच्या बाह्या सावरल्या. त्या लांब होत्या.

"गाड़ी में ड्राइवर है, साहब," तो म्हणाला. "मैं हूँ."

पाहुणे आधी हसले, मग खुरानांचा चेहरा बघून हसायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी कागद आला. कारण, 'प्रकल्पाच्या प्रतिमेस बाधा'. अंबादासने तो माझ्याकडून वाचून घेतला, घडी केली, आणि कोट इस्त्री करून खुरानांना परत पाठवला. आता तो गेटबाहेर भाड्याची ई-रिक्षा चालवतो. "स्टिअरिंग नाही, नुसतं हँडल आहे," मी म्हटलं. "धरायला काहीतरी आहे, बाई," तो म्हणाला, आणि माझा दुखरा गुडघा बघून रिक्षा वळवून लावली.

सोसायटीच्या गाडीत 'जबाबदार माणूस' अजून हवाच आहे, आणि दुसरा मिळेपर्यंत ती जबाबदारी सुजयवर आहे. रोज सकाळी मी बाल्कनीतून बघते. गाडी थांबते. सुजय ब्लेझर सांभाळत उतरतो, "हट, हट" करतो, टाळ्या वाजवतो, बिस्कीट दाखवतो. पाटील एक डोळा उघडून त्याच्याकडे बघतात आणि मिटतात. मागे मेट्रो चुकलेली माणसं एकेक करून उतरून चालू लागतात.

"आई, तो अंबादास काय बोलायचा गं त्याला?" परवा त्याने विचारलं.

मी म्हटलं, लर्निंग फेज आहे, शीक.