बंपरवरचे दोन फोकस

गावोगावच्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या आणि अंधार पडता पडता घाट उतरून शहरातल्या लॅबमध्ये पोचवायच्या, हे तिचं काम. त्याआधी ती शाळेची व्हॅन चालवायची. "तिथे निदान मागची सीट भांडायची तरी," असं ती म्हणे, "आता बर्फाच्या पेटीशी काय बोलणार?" पण काम तिच्या अंगवळणी पडलं होतं. नवरा घरीच शिवणकाम करायचा, त्यामुळे सासूबाईंजवळ कोणीतरी असायचं आणि हिला निर्धास्तपणे बाहेर पडता यायचं.

घाटात रस्त्यावर दिवे नव्हते. एका संध्याकाळी वळणावर रानडुक्कर आडवं आलं. तिने ब्रेक दाबला, डुक्कर वाचलं, पण व्हॅन कठड्याला घासली आणि पेटी उलटून निम्म्या नळ्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यादवाखान्यात जाऊन सांगायचं तिच्याच वाट्याला आलं. एका म्हाताऱ्या बाईंची शीर सापडता सापडत नसे. त्यांनी "पुन्हा का?" एवढंच विचारलं आणि बाही वर सारली. त्यांच्या हाताचे काळेनिळे डाग बघून हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकट्या दिराचं गॅरेज होतं. ती थेट तिथे गेली. "भावजी, मला समोरचं जरा जास्त दिसेल असं काहीतरी करा."

जरा म्हणजे किती, हे दिराला कधीच कळलं नव्हतं. त्याने बंपरवर ताटलीएवढे दोन फोकस बसवले, स्टिअरिंगशेजारी त्यांचं वेगळं बटण दिलं आणि छाती फुगवून म्हणाला, "वहिनी, आता डुक्कर तर दिसेलच, त्याच्या मिशासुद्धा मोजा."

आणि खरंच, घाट उजळून निघाला. कठड्याचे दगड, झाडांच्या मुळ्या, पार पुढच्या वळणावरचा पांढरा पट्टा, सगळं लख्ख. तिचे खांदे सैल पडले. घरी आल्यावर मान दुखायची, तीही थांबली.

समोरून येणारे मात्र दिवे मारायचे, हॉर्न वाजवायचे. त्यातही कोंबड्यांचे पिंजरे वाहणारा एक टेंपो रोजच्या चढावर भेटायचा, आणि तो तर दिव्यांची नुसती उघडझाप लावायचा. हिने त्याचा आपल्यापुरता अर्थ लावून टाकला होता. शाळेची व्हॅन चालवायची तेव्हापासून पुरुषांचे हॉर्न तिने पुष्कळ ऐकले होते. बाई गाडी चालवते, तीही त्यांच्यापेक्षा बरी, हे यांना खुपतं, असं तिला वाटायचं. तेव्हा ती बटणाला हात लावायची नाही. उलट टेंपो जवळ आला की पाठ ताठ करून बसायची.

पुढे व्हॅनचा क्लच गेला. दोन दिवस लॅबने दुसरी गाडी ड्रायव्हरसकट पाठवली आणि व्हॅन दिराच्या गॅरेजात राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने शिवलेले वेटरांचे कोट गावाबाहेरच्या हॉटेलात पोचवायचे होते. तिने स्कूटर काढली, कोट पोचवले आणि परत निघाली.

अंधार नुकताच पडला होता. वळणापलीकडून एकदम पांढराफटक उजेड आला आणि रस्ता नाहीसा झाला. कडेची झाडं गेली, स्वतःच्या स्कूटरचं हँडलसुद्धा दिसेना. तिने क्षणभर डोळे मिटले, तरी आत पांढरंच. थांबावं तर मागून कोणी येऊन धडकेल, आणि डावीकडे घ्यावं तर डावीकडे काय आहे ते आठवेना. तिने डावीकडेच घेतलं. पुढचं चाक खडीच्या ढिगात रुतलं आणि ती कोपरावर आपटली.

उजेड शेजारून निघून गेला. त्यामागून मागच्या दाराची एक खडखड ऐकू आली. ती खडखड ती रोज ऐकत होती. तिचीच व्हॅन होती.

बराच वेळ ती खडीवर बसून राहिली. हात मोडला नव्हता, स्कूटरचा आरसा तेवढा गेला होता. डोळ्यांपुढचे पांढरे ठिपके विरल्यावर तिने स्कूटर ओढून काढली आणि हळूहळू घरी आली.

दार उघडंच होतं. दीर खुर्चीत बसून चहा पीत होता, सासूबाई पलंगावर, नवरा मशीनशी.

"वहिनी, क्लच एकदम लोण्यासारखा झालाय बघा," दीर म्हणाला. "पण लोकांना गाड्या चालवायची अक्कल नाही. आत्ता ट्रायलला गावाबाहेरून फेरी मारून येताना एक स्कूटरवाला भर रस्त्यात झोकांड्या खात होता. टाकून आला असणार."

"मग?"

"मग काय, झाला आपला आपण बाजूला."

"बाजूला नाही झाला, खडीत पडला," ती म्हणाली. "आणि टाकूनही आला नव्हता." तिने बाही वर करून कोपर दाखवलं.

दिराचा कप तोंडाशीच राहिला. नवरा मशीनवरून उठला आणि कापूस शोधायला लागला. सासूबाईंनी धाकट्याकडे पाहिलं. "तुला ही दिसली नाही?"

"दिसली ना. पण तोंडाला रुमाल होता, मी ओळखलं नाही. बाकी स्वच्छ दिसत होतं."

"तुला दिसत होतं रे. हिला काय दिसत होतं?"

दिराने कप खाली ठेवला.

नवरा कोपर पुसत असताना तिला ती सगळी उघडझाप आठवत होती. त्यातले काही जण चिडत असतील, एखाद्याला बाईमाणूस खुपतही असेल. पण बाकीचे तिला विनवत होते. कोंबडीवाला तर रोज, तेही दरीच्या बाजूने चढताना.

सकाळी दीर आपणहून हजर झाला, हातात पाना घेऊन. "काढून टाकतो दोन्ही."

"काढायचे नाहीत. डुक्कर काय रजेवर गेलंय?"

मग दोघांनी व्हॅन गॅरेजच्या भिंतीसमोर उभी केली. दुपारी शटर ओढून आत अंधार केला. दीर स्क्रू फिरवायचा आणि ती भिंतीपुढे कधी उभी राहायची, कधी स्कूटरवर बसल्यासारखी वाकायची. "अजून खाली. अजून. डोळ्यात जातंय अजून." शेवटी उजेड रस्त्याला चिकटून पसरला. दिराने वायरही बदलली. आता डिपर दिला, म्हणजे दिवे खाली केले, की फोकस आपोआप विझायचे.

तरी सवय हातालाच लावून घ्यावी लागली. समोरची गाडी दिसायच्या आधी वळणावरचा डोंगर फिकट उजळतो, हे तिच्या लक्षात यायला लागलं. तो उजळला की ती डिपर द्यायची. पुढे कोणी त्याच दिशेने जात असला तरी द्यायची, कारण उजेड त्याच्या आरशातून त्याच्याच तोंडावर जातो. रस्ता मोकळा झाला की पुन्हा फोकस. पहिल्या दिवशी कोंबडीवाल्याने सवयीने हॉर्न वाजवलाच. मग हॉर्न थांबला. मग तोही डिपर द्यायला लागला.

एकदा त्याच चढावर त्याचा टेंपो कडेला उभा दिसला. मागचं चाक बसलं होतं आणि तो दातांत टॉर्च धरून नट सोडवायची खटपट करत होता. तिने मागेपुढे करून व्हॅन अशी लावली की उजेड नेमका चाकावर पडावा. मग ती खिडकीतून मान काढून बसली. समोरून कोणी आलं की "गाडी" म्हणायची आणि फोकस विझवायची. तो पान्यावर हात ठेवून अंधारात थांबायचा. गाडी गेली की उजेड आणि पुन्हा काम.

चाक चढल्यावर तो हात पुसत आला. पिंजऱ्यांतून कुरकुर चालू होती.

"बरं झालं तुम्ही आलात," तो म्हणाला. "या व्हॅनवर आधी दुसरी बाई होती. आम्ही तिला सूर्यबाई म्हणायचो. रोज आंधळं करायची. ती गेली म्हणून घरी सांगितलंसुद्धा मी."

"ती गेली नाही," ती म्हणाली. "तीच आहे."

तो गोरामोरा झाला. टॉर्च उगाच चालू-बंद करत राहिला. मग तिनेच त्याला खडीच्या ढिगाची हकिगत सांगितली. तो हसला नाही. "लागलं का फार?" त्याने विचारलं. "कोपर सालटलं," ती म्हणाली. "बरं," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "मी एकदा कठड्याला घासलो होतो तुमच्यामुळे. आरसा गेला."

"माझाही आरसाच गेला," ती म्हणाली.

त्या दिवशी लॅबमध्ये पोचायला उशीर झाला. तिथला माणूस घड्याळाकडे बघून कुरकुरला, पण पेटीतला बर्फ टिकला होता, नळ्या शाबूत होत्या. घरी तिने सूर्यबाईचं नाव सांगितलं, तेव्हा नवरा इतका हसला की मशीनची सुई वाकडी गेली. दिराने मात्र ते मनावर घेतलं. हल्ली कोणी फोकस बसवायला आला की तो आधी त्याला शटर ओढून भिंतीपुढे उभा करतो आणि मगच स्क्रू आवळतो. त्यामुळे दोन-तीन गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेली. ती म्हणते, जाऊ देत.